सार्वजनिक भाडेघरे, भंडारा जिल्ह्यातील

शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, वैधानिक गृहनिर्माण मंडळे किंवा सरकारी मालकीचे उद्योग यांनी बांधलेली अथवा ताब्यात घेतलेली आणि मालकी स्वतःकडे ठेवून ठराविक आकारणीने राहावयास दिलेली घरे म्हणजे सार्वजनिक भाडेघरे होत. खाजगी मालकाच्या घरापेक्षा त्यांचे वेगळेपण दोन बाबतींत दिसते. भाडे बाजारभावाने न ठरता नियमाने ठरते आणि भाडेकरूची निवड मालकाच्या मर्जीवर न राहता पात्रतेच्या अटींनुसार व क्रमाने होते. ही पात्रता कशावर ठरवावयाची, हा या संपूर्ण विषयाचा गाभा होय. इंग्लंड, ऑस्ट्रिया आदी देशांत गरज ही मुख्य कसोटी मानली गेली. भंडारा जिल्ह्यात मात्र, महाराष्ट्राच्या बहुतेक ग्रामीण जिल्ह्यांप्रमाणेच, नोकरी हीच प्रायः एकमेव कसोटी राहिली. येथे सार्वजनिक भाडेघर मिळते ते पदाला. माणूस त्या पदावर असेतोवर घरात राहतो. जिल्ह्यातील सर्वांत मोठा श्रमिक वर्ग या घरांच्या बाहेर का राहिला आणि जो आत आला त्याचे घर निवृत्तीच्या दिवशी का डळमळीत होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीत सापडतात.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२,००,३३४ होती. भंडारा, पवनी, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे त्याचे सात तालुके. गोंदिया, तिरोडा इ. पूर्वेकडील भाग १ मे १९९९ रोजी वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या कोणत्याही वर्णनात ‘भंडारा जिल्हा’ म्हणजे आजचे दोन्ही जिल्हे, हे लक्षात ठेवावे लागते. बोलीतही एक भेद आहे. कागदोपत्री ‘भाडे’ व ‘भाडेकरू’ हे शब्द असले, तरी या भागात लोक ‘किराया’ आणि ‘किरायदार’ असेच म्हणतात. सरकारी घराला मात्र कोणी किरायाचे घर म्हणत नाही, ते ‘क्वार्टर’च असते. दोन शब्दांतील हे अंतर अर्थपूर्ण आहे. किरायदाराचे नाते घरमालकाशी असते, तर क्वार्टरवाल्याचे आपल्या खात्याशी.

पार्श्वभूमी : व्हिएन्ना नगरपालिकेने १९२३ ते १९३४ या काळात ६०,००० हून अधिक भाड्याची घरे बांधली व कुटुंबाच्या गरजेला गुण देऊन त्यांचे वाटप केले. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने घरे बांधण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकण्यात आली. १९८० च्या कायद्याने त्याच घरांच्या भाडेकरूंना ती विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि भाड्याच्या घरांचा साठा आटत गेला. सिंगापूरमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या मंडळाने आरंभी भाड्याची घरे बांधली. परंतु १९६४ पासूनच मालकीच्या घरांची योजना सुरू केली. भाड्याकडून मालकीकडे जाण्याचा हा ओघ महाराष्ट्रातही दिसतो. मुंबईत १९२० नंतर विकास खात्याने उभारलेल्या बी.डी.डी. चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी या चार ठिकाणच्या मिळून २०७ इमारती, हा राज्यातील सार्वजनिक भाडेघरांचा सर्वांत मोठा समूह होता. तेथील १६० चौ. फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. त्यांच्या पुनर्विकासाला २०१७ साली चालना मिळाली, ती भाडेकरूला ५०० चौ. फुटांची मालकीची सदनिका देण्याच्या अटीवर.

भंडारा त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हते. मध्य प्रांत व वऱ्हाड, पुढे जुना मध्य प्रदेश आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर द्विभाषिक मुंबई राज्य, असा या जिल्ह्याचा प्रशासकीय प्रवास झाला. येथील घरविषयक कायदे त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कायद्यांहून भिन्न होते व त्यांतील एक, फारसा परिचित नसला तरी, सविस्तर पाहण्याजोगा आहे.

१९४९ चा आदेश : दुसऱ्या महायुद्धानंतर नगरांतून घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि फाळणीमुळे निर्वासितांची भर पडली. मध्य प्रांत व वऱ्हाड शासनाने १९४६ च्या अधिनियमाखाली १९४९ साली घरे भाड्याने देण्याविषयीचा व भाडेनियंत्रणाचा आदेश काढला. विदर्भातील वकिलीत तो ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’ या नावाने अर्धशतक वावरला. त्याचा एक भाग सर्वपरिचित स्वरूपाचा होता : भाडेनियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून घरमालकास भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देता येत नसे. तीन महिन्यांचे भाडे थकणे, भाडे थकविण्याची सवय असणे, मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी घराची खरीखुरी गरज असणे इ. ठराविक कारणे सिद्ध झाली, तरच परवानगी मिळे. घर खाली करून घेण्याचा दावा त्यानंतर दिवाणी न्यायालयात लावावयाचा, म्हणजे मालकाला दोन पायऱ्या चढाव्या लागत.

आदेशाचे तिसरे प्रकरण अधिक लक्षणीय होते. ते ज्या क्षेत्राला लागू केलेले असे, तेथे आपले घर रिकामे होणार असल्याचे कळल्यापासून सात दिवसांच्या आत मालकाने तसे जिल्हाप्रमुखास (तत्कालीन उपायुक्त, पुढे जिल्हाधिकारी) कळविणे बंधनकारक होते. ही सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ते घर सरकारी नोकराला, निर्वासिताला किंवा निष्कासित व्यक्तीला भाड्याने देण्याचा हुकूम अधिकाऱ्यास करता येई. तसा हुकूम पंधरा दिवसांत झाला नाही, तर मालक घर कोणालाही देण्यास मोकळा होई. मालकाला स्वतःला राहावयाचे असेल, तर त्याने ती गरज अधिकाऱ्याला पटवून द्यावयाची. थोडक्यात, शासनाने एकही वीट न रचता खाजगी घरे काही अंशी सार्वजनिक वाटपाखाली आणली. भिंती मालकाच्या, भाडे मालकाचे. परंतु भाडेकरू कोण हे ठरविणार सरकार. या व्यवस्थेत निर्वासित व निष्कासित यांना सरकारी नोकरांच्या बरोबरीने स्थान होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण नोकरी नसलेल्या माणसाला केवळ बेघरपणाच्या आधारावर भाड्याचे घर मिळण्याची विदर्भाच्या नगरांतील ती जवळजवळ एकमेव कायदेशीर वाट होती.

तिचे दोषही उघड होते. रिकामे घर कळविण्यापेक्षा ते रिकामे झालेच नाही असे दाखविण्याकडे मालकाचा कल असणे स्वाभाविक होते. पंधरा दिवसांची मुदत संपेपर्यंत घराला कुलूप. ती संपल्यावर ओळखीचा किरायदार. भाडे गोठलेले, भाडेकरू हलविणे दुष्कर आणि नव्या भाडेकरूची निवडही आपली नाही, अशा स्थितीत भाड्यासाठी घर बांधण्यात पैसा कोण घालणार, हा प्रश्न आदेशाने कधी सोडविला नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, तेव्हा मुंबईचा १९४७ चा कायदा, मराठवाड्यातील १९५४ चा हैदराबाद कायदा आणि विदर्भातील हा आदेश, असे तिन्ही एकदम रद्द झाले. नव्या अधिनियमाने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकांना दिली. शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना मात्र त्यातून वगळण्यात आले. खाजगी मालकाने भाडेकरूला जे संरक्षण द्यावे असे शासन म्हणते, ते स्वतःच्या घरात राहणाऱ्यास देण्यास ते बांधील नाही, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

औद्योगिक कामगारांची घरे : केंद्र शासनाने सप्टेंबर १९५२ मध्ये साहाय्यप्राप्त औद्योगिक गृहनिवसन योजना सुरू केली. राज्य शासनांना व त्यांच्या मंडळांना बांधणीच्या खर्चापैकी निम्मी रक्कम अनुदान व निम्मी कर्ज म्हणून मिळे. घरे कामगारांना सवलतीच्या भाड्याने द्यावयाची. जुन्या मध्य प्रदेशात यासाठी १९५० च्या अधिनियमाखाली गृहनिर्माण मंडळ स्थापन झालेले होते. विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर त्याच अधिनियमाच्या आधारे विदर्भ गृहनिर्माण मंडळाने काम चालविले. नागपूर हे गिरण्यांचे शहर, त्यामुळे योजनेचा रोख तिकडे असणे साहजिक होते.

भंडाऱ्याची अडचण निराळी होती. या योजनेत कामगार म्हणजे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या व्याख्येतील कामगार. पुढे खाणकामगारही त्यात आले. जिल्ह्यातील सर्वांत मोठा उद्योग बिडीचा आणि तो मुख्यतः घराघरांतून चालणारा. तेंदूची पाने व तंबाखू सट्टेदाराकडून घरी न्यावयाची, ओसरीवर बसून बिड्या वळावयाच्या, मोजून परत द्यावयाच्या आणि छाटीत गेलेल्या बिड्या सोडून उरलेल्यांची मजुरी घ्यावयाची, असा हा व्यवहार. या कामात स्त्रियांची संख्या मोठी. कारखान्याच्या छपराखाली न बसणारी ही स्त्री व्याख्येप्रमाणे कामगार ठरत नव्हती. म्हणून कामगारांच्या घरासाठी अर्ज करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. बिडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र अधिनियम झाला, त्यात घरखात्यातील कामगारांचा समावेश झाला. १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. त्या निधीतून घरांसाठी साहाय्य मिळू लागले, परंतु ते स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर बांधण्यासाठी होते. २०१६ च्या सुधारित योजनेत ही रक्कम १,५०,००० रुपये करण्यात आली. ज्या कुटुंबाकडे जागाच नाही किंवा जे किरायाच्या खोलीत राहते, त्याला ओळखपत्र असूनही या साहाय्याचा उपयोग होत नाही. बिडी वळणारीला भाड्याचे सार्वजनिक घर मिळावे, असा विचार कोणत्याही योजनेने गांभीर्याने केलेला आढळत नाही. तिचे घर हीच तिच्या कामाची जागा असल्याने उजेड, वारा व कोरडी जमीन यांची गरज तिला कारकुनापेक्षा अधिकच असते.

गृहनिर्माण मंडळे एकत्र करून ५ डिसेंबर १९७७ रोजी महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा) अस्तित्वात आले. भंडारा जिल्हा त्याच्या नागपूर मंडळाच्या अधिकारक्षेत्रात येतो. प्राधिकरणाचे मुख्य कार्य उत्पन्नगटांनुसार घरे बांधून विकणे हे राहिले आहे. त्यासाठी जाहिरात निघते, इच्छुकाने उत्पन्नाचा व महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा देऊन अनामत रकमेसह अर्ज करावयाचा असतो आणि संगणकीय सोडतीत नाव निघाल्यास कागदपत्रांच्या छाननीनंतर घर मिळते. सोडतीत नाव निघणे हा दैवाचा भाग. पण नंतरची हप्त्यांची परतफेड दैवावर सोडता येत नाही. अनियमित मिळकत असलेल्या मजुराला बँक कर्ज देण्यास कचरते व येथेच त्याची वाट अडते. दरमहा थोडे भाडे देऊ शकणारा, परंतु मोठी रक्कम एकरकमी उभी करू न शकणारा हा वर्ग म्हणजेच इतर देशांतील सार्वजनिक भाडेघरांचा मुख्य भाडेकरू होय.

खाणी व कारखाने : तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीजच्या खाणी ब्रिटिश कंपनीने चालविल्या. तिच्या मालमत्तेवर १९६२ मध्ये मँगॅनीज ओअर (इंडिया) ही कंपनी (आजची मॉयल) उभी राहिली, तीत केंद्र व दोन राज्य शासने यांचे मिळून बहुमत होते. १९७७ साली उर्वरित हिस्साही शासनाकडे आला. खाणीलगतच्या कामगार वसाहतींच्या दृष्टीने पाहता घर तेच राहिले, मालक बदलला आणि खाजगी कंपनीची वस्ती ही सार्वजनिक भाडेघरे झाली. रानातील खाणीवर माणसे टिकवावयाची तर घर देणे कंपनीला भागच असते. तेथे घर ही सवलत नसून उत्पादनाच्या साधनांपैकीच एक असते, आणि खाणीवरील काम संपले की घराचे कारणही संपते.

भंडाऱ्यानजीक जवाहरनगर येथे १९६४ साली स्थापन झालेल्या आयुध निर्माणीची वसाहत हे जिल्ह्यातील नियोजित सार्वजनिक वसाहतीचे ठळक उदाहरण होय. स्फोटक द्रव्यांचा कारखाना वस्तीपासून दूर असावा लागतो व कामगार मात्र पाळीच्या वेळेला जवळ असावे लागतात, या दोन परस्परविरोधी गरजांतून अशी वसाहत जन्मते. पदश्रेणीप्रमाणे घरांचे प्रकार, आखलेले रस्ते, शाळा व दवाखाना यांमुळे ती भोवतालच्या धानशेतीच्या गावांहून निराळी दिसते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला.

अर्ज व वाटप : जिल्ह्यातील सार्वजनिक भाडेघरांचा उर्वरित भाग म्हणजे राज्य शासनाची, जिल्हा परिषदेची, पोलीस दलाची व रेल्वेची निवासस्थाने. पोलिसांच्या घरांसाठी १९७४ पासून स्वतंत्र राज्यस्तरीय महामंडळ आहे. रेल्वेची घरे भंडारा रोड (वरठी) व तुमसर रोड यांसारख्या स्थानकांच्या आधाराने उभी राहिली. तपशील खात्यागणिक बदलत असला, तरी कार्यपद्धतीचा साचा एकच असतो.

बदली होऊन रुजू झालेला कर्मचारी विहित नमुन्यात अर्ज करतो. अर्जात पद, मूळ वेतन, रुजू झाल्याची तारीख, कुटुंबातील माणसे व त्याच गावी स्वतःचे वा पती-पत्नीचे घर आहे किंवा कसे, हे लिहावे लागते. कार्यालयप्रमुखाच्या शिफारशीसह तो वाटपाधिकाऱ्याकडे जातो व घराच्या त्या त्या प्रकाराच्या प्रतीक्षायादीत नाव लागते. काही घरे विशिष्ट पदांसाठी राखून ठेवलेली असतात. जिल्हाधिकारी किंवा न्यायाधीश यांना यादीत थांबावे लागत नाही. इतरांचा क्रम पात्रतेच्या तारखेवरून ठरतो. निकडीच्या कारणाने यादीबाहेर वाटप करण्याचा अधिकारही वरिष्ठांकडे असतो आणि यादीत वाट पाहणाऱ्यांच्या तक्रारींचे मूळ बहुधा याच अधिकारात असते. वाटपाचा आदेश मिळाल्यावर ठराविक दिवसांत ताबा घ्यावयाचा असतो. सार्वजनिक बांधकाम विभागाचा शाखा अभियंता दारे, खिडक्या, नळ, दिवे, पंखे यांची यादी करून सही घेतो. ही यादी अनेकांना निरर्थक औपचारिकता वाटते. परंतु घर सोडताना ‘पंखा होता की नव्हता’ हा वाद याच कागदावर सुटतो, म्हणून ताबा घेतानाच मोडके-तुटके लिहून घेणे शहाणपणाचे ठरते.

या राहण्याची किंमत दोन वाटांनी वसूल होते. एक, वेतनातून कापली जाणारी रक्कम. पूर्वी ती घराचे प्रमाण भाडे किंवा वेतनाच्या दहा टक्के, यांपैकी जी कमी असेल ती असे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत १ जुलै १९८७ पासून घराच्या क्षेत्रफळानुसार सरसकट दर आला व ‘भाडे’ जाऊन ‘अनुज्ञप्ती शुल्क’ आले. दुसरी वाट म्हणजे घरभाडे भत्ता बंद होणे. ही दुसरी रक्कमच मोठी असते. म्हणून लहान गावात, जेथे भत्त्याहून कमी किरायात बरी खोली मिळते, तेथे जुन्या पडीक क्वार्टरपेक्षा भत्ता अधिक लाभदायक ठरतो. मोठ्या शहरात याच्या नेमके उलट घडते. देऊ केलेले घर नाकारल्यास भत्ताही गमवावा लागतो, असा सर्वसाधारण नियम असल्यामुळे काही कर्मचारी अर्जच न करणे पसंत करतात.

‘अनुज्ञप्ती शुल्क’ हा केवळ शब्दाचा बदल नाही. भाडे देणाऱ्याचा जागेवर काही हक्क निर्माण होतो; अनुज्ञप्तिधारकाला केवळ राहण्याची परवानगी असते.

वसाहतीतील राहणी : जिल्ह्यातील जुनी सरकारी घरे जाड भिंतींची, उंच छताची व कवेलूंची. मेच्या उन्हात पारा ४५ अंश से. च्या आसपास जातो, तेव्हा सपाट स्लॅबच्या नव्या घरांपेक्षा तीच सुसह्य वाटतात. पावसाळ्यात मात्र त्यांची परीक्षा होते. येथे पाऊस भरपूर पडतो. माकडांनी व वाऱ्याने हललेली कवेलू मृगापूर्वी फेरली नाहीत, तर घरभर भांडी मांडावी लागतात. कवेलू फेरणे हे खात्याचे काम. पण निधी मंजूर होऊन माणूस येईतो पाऊस येतो, तेव्हा बहुतेक रहिवासी स्वखर्चाने मजूर लावतात. स्वखर्चाने केलेल्या दुरुस्तीचा मोबदला मिळत नाही आणि विनापरवाना केलेले वाढीव बांधकाम घर सोडताना काढावे लागते. तरीही मागच्या अंगणात वालाचा मांडव, पुढे कुडाची छपरी व उन्हाळ्यात खिडकीला कूलर, इतके बदल प्रत्येक क्वार्टरमध्ये असतातच व अभियंतेही त्यांच्याकडे कानाडोळा करतात.

वसाहतीचे एक सामाजिक कार्य क्वचितच नोंदविले जाते. खाजगी घरमालक किरायदाराला आडनाव विचारतो व त्यामागे बहुधा जात विचारलेली असते. बौद्ध किंवा आदिवासी कारकून, शिक्षिका, परिचारिका यांना तालुक्याच्या गावी चांगल्या आळीत खोली मिळणे कठीण जात आले आहे. सरकारी वाटपात क्रम तारखेने लागतो. त्यामुळे एका भिंतीच्या दोन बाजूंना अशी कुटुंबे राहू लागली, जी गावात कधी शेजारी झाली नसती. मांसाहार, सण, पाण्याचा नळ यांवरून कुरबुरी होतात. पण शेजारी कोण हे ठरविण्याचा अधिकार कोणालाच नसल्यामुळे त्या मिटवाव्याच लागतात. दुसरीकडे, वसाहतीची उतरंड पदाची असते. घराच्या प्रकारावरून माणसाची पायरी कळते आणि मुलांच्या खेळातही ती उतरते.

मुख्यालयी राहण्याचा प्रश्न : महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या व ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका, पशुवैद्यक यांची पदे खेडोपाडी पसरली. त्यांनी नेमणुकीच्या गावीच राहावे अशी अपेक्षा असते व घरभाडे भत्ता त्याच अटीवर दिला जातो. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्राचे आवार सोडले, तर बहुतेक गावांत जिल्हा परिषदेचे निवासस्थान नसते आणि भाड्याने देण्याजोगी वेगळी खोलीही नसते. भंडाऱ्याहून नागपूर सु. ६० किमी.; रस्ता व रेल्वे दोन्ही सोयीची. परिणामी ‘अप-डाऊन’ हा या भागातील नोकरदारांचा नित्यक्रम झाला आहे. मुलांची शाळा, पती-पत्नींच्या वेगळ्या नोकऱ्या आणि नागपुरात घेतलेले कर्जाचे घर ही त्यामागील कारणे खरी आहेत. मात्र लाखांदूर तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रात रात्री बाळंतीण आली, तर आरोग्यसेविका तेथे राहते की नाही, यावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असते. हा प्रश्न दाखले मागवून व भत्ता कापून सोडविण्याचा प्रयत्न वारंवार झाला. पाणी, संडास व सुरक्षित कडी-कोयंडा असलेले निवासस्थान बांधणे आणि ते दुरुस्त ठेवणे हा उपाय त्यापेक्षा खर्चिक आहे; पण एकटी राहणारी आरोग्यसेविका गावात मुक्कामाला थांबेल ती त्याच उपायाने.

घर सोडणे : बदली, निवृत्ती, राजीनामा किंवा मृत्यू यांनंतर नियमाने ठरलेल्या मुदतीपर्यंतच घरात राहता येते, शैक्षणिक वर्ष, आजारपण अशा कारणांसाठी काही मुदतवाढ मिळते. त्यानंतर वास्तव्य अनधिकृत ठरते व सामान्य शुल्काच्या अनेक पट दंडनीय आकारणी सुरू होते. थकबाकी नसल्याचा दाखला मिळेपर्यंत निवृत्तिवेतनाच्या लाभांतील काही रक्कम रोखून ठेवण्याची तरतूद असल्यामुळे बहुतेक जण वेळेवर घर सोडतात. न सोडणाऱ्याविरुद्ध राज्याच्या घरांबाबत मुंबई सरकारी जागा (निष्कासन) अधिनियम, १९५५ याखाली आणि केंद्राच्या व सरकारी कंपन्यांच्या घरांबाबत १९७१ च्या सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटाधारकांचे निष्कासन) अधिनियमाखाली कारवाई होते. या कायद्यांची रचना दिवाणी दाव्याहून वेगळी आहे. कारणे दाखवा नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी व नंतर निष्कासनाचा आदेश, हे सर्व शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर चालते. त्यावर अपील जिल्हा न्यायाधीशाकडे करता येते. केंद्रीय कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने निवासी अनुज्ञप्तिधारकाला नोटिशीचे उत्तर देण्यासाठी तीनच दिवस ठेवले आहेत.

नियमांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. कारण जुना माणूस हलला नाही, तर यादीतील नव्याला घर मिळत नाही. कौटुंबिक बाजू अशी की, तीस-पस्तीस वर्षे क्वार्टरमध्ये काढलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने जन्मभर भत्ता घेतलेला नसतो. निवृत्तीच्या वेळी त्याच्या हाती एकरकमी पैसा येतो खरा, पण त्याच महिन्यांत मुलीचे लग्न, आजारपण व घर ही तिन्ही ओझी त्यावर पडतात. सेवेत असताना मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांची स्थिती अधिक नाजूक असते. अनुकंपा तत्त्वावर मुलाला किंवा पत्नीला नोकरी मिळण्यास वर्षे लागतात, तर घराची मुदत महिन्यांत संपते. नंतर नोकरी मिळाली, तरी ती बहुधा खालच्या पदावर व अन्यत्र असते. तेव्हा पूर्वीच्या घरावर तिचा काही हक्क पोहोचत नाही.

अलीकडील योजना : कोविड-१९ च्या साथीत शहरांतून मजूर पायी गावी परतले, त्यांत विदर्भातीलही होते. भाड्याच्या खोलीचा आधार किती तकलादू असतो, हे त्या वेळी सर्वांना दिसले. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर केली. रिकामी पडलेली सरकारी अर्थसाहाय्यित घरे दुरुस्त करून किंवा नवी बांधून ती स्थलांतरित व गरीब कामगारांना भाड्याने द्यावीत, असे तिचे स्वरूप होते. २०२४ साली सुरू झालेल्या शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला. सरकारी नोकरी नसलेल्या माणसाला भाडेकरू मानणारी ही तरतूद, विदर्भापुरते बोलावयाचे तर, १९४९ च्या आदेशातील निर्वासित व निष्कासितांच्या कलमानंतर पुष्कळ वर्षांनी आली. तिचा रोख शहरांवर आहे. भंडारा जिल्ह्यात शहरे थोडी व लहान असून त्यांत रोजगारासाठी येणाऱ्यांपेक्षा जिल्ह्याबाहेर जाणारे अधिक. म्हणून येथील मजुराला या घरांचा उपयोग झालाच, तर तो नागपूर, पुणे किंवा हैदराबाद येथे होण्याची शक्यता आहे. जिल्ह्यातील ग्रामीण गरिबांसाठी शासनाची घर देण्याची रीत घरकुलाचीच आहे, म्हणजे अनुदानातून स्वतःच्या जागेवर बांधलेल्या मालकीच्या घराची. तिच्यासाठी ग्रामसभेच्या यादीत नाव आणि पायाखाली जागा या दोन्ही गोष्टी लागतात.